सभेचे ठिकाण आणि जामखेड

आंतरराष्ट्रीय परिषद कुठे भरवायची हे ठरवताना आयोजक विमानतळ किती जवळ आहे, सभागृह किती माणसांचे आहे, व्हिसा मिळायला किती त्रास होतो आणि खर्च कोण उचलणार, एवढे पाहतात. ठिकाणामुळे आणखी एक गोष्ट ठरते: कोण येऊ शकेल, आणि आलेल्यांपैकी बोलणारा कोण, ऐकणारा कोण. तिचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

प्राथमिक आरोग्यसेवेवरची सर्वांत गाजलेली परिषद 6 ते 12 सप्टेंबर 1978 या काळात सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे भरली. 134 देशांचे प्रतिनिधी आले. यजमानपदासाठी इतर देशही इच्छुक होते, पण सोव्हिएत संघाने वीस लाख डॉलर देऊ केले आणि तेवढी रक्कम दुसऱ्या कोणाला झेपली नाही. ठिकाण पैशाने ठरले, आणि त्याची किंमत वेगळ्या नाण्यात मोजावी लागली. ज्या चीनच्या ‘अनवाणी डॉक्टरां’मुळे, म्हणजे थोडे प्रशिक्षण घेतलेल्या खेड्यातल्या आरोग्यसेवकांमुळे, प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला बळ मिळाले होते, तोच चीन मॉस्कोशी असलेल्या वैरामुळे तिथे फिरकला नाही. पुढच्याच वर्षी इटलीतील बेलाजिओ येथे, कोमो सरोवराच्या काठी, रॉकफेलर फाउंडेशनच्या वास्तूत निमंत्रितांची एक छोटी बैठक झाली. मोजक्या, स्वस्त आणि मोजता येण्याजोग्या उपचारांवर भर देणाऱ्या ‘निवडक’ आरोग्यसेवेने तिथूनच जोर धरला. अशा निवांत ठिकाणी खेड्यातले कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

अल्मा-आताच्या आधी, 1975 साली, जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील यशस्वी ग्रामीण प्रयोगांचे एक पुस्तक काढले. त्यात एक प्रकरण महाराष्ट्रातील जामखेडचे होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली या अवर्षणप्रवण तालुक्यात आले. गावात परिचारिका टिकेनात, तेव्हा गावांनीच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविकेचे काम शिकवायला घेतले. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर आणि दलित वस्तीतल्या होत्या. दोघांना 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि पाहुण्यांची रीघ लागली. नव्वदच्या दशकात तिथे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थाच उभी राहिली.

जामखेडला रेल्वे नाही. अहिल्यानगरहून दोन तासांचा रस्ता आहे. आयोजकांच्या यादीत हे गाव पहिल्याच फेरीत बाद झाले असते. पण तिथे पोचलेल्या परदेशी डॉक्टरला शिकवायला आरोग्यसेविका समोर बसते. जुलाब झालेल्या बाळाला पाजायचे मीठ-साखरेचे पाणी चिमूट आणि मूठ दाखवून ती समजावते. बोलणे मराठीत. दुभाष्या लागतो तो पाहुण्याला! वॉशिंग्टनच्या व्यासपीठावर याच बाईला नेले, तर टाळ्या मिळतील, कौतुकही होईल. पण कार्यक्रमात ती एक नवलाची गोष्ट ठरेल. जामखेडला ती मास्तरीण असते, आणि तिच्या सांगण्यातले खरे-खोटे तपासायला तिचेच गाव हाकेच्या अंतरावर असते. खूण पटवून देण्याची ही सोय सभागृहात नाही.

म्हणून सगळ्याच सभा खेड्यात न्याव्यात असे मात्र नाही. 134 देशांचे प्रतिनिधी जामखेडला राहणार कुठे? ठराव आणि करार यांना राजधान्याच बऱ्या. जागा हा संदेश असतो हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक असते. अहिल्याबाई होळकरांच्या जन्मत्रिशताब्दीनिमित्त राज्य मंत्रिमंडळाची बैठक 6 मे 2025 रोजी जामखेड तालुक्यातच, त्यांच्या जन्मगावी चौंडीला झाली. पण निरोप देण्यासाठी निवडलेली जागा आणि शिकण्यासाठी निवडलेली जागा यांत फरक आहे. पहिलीला एक दिवस पुरतो.

मधला मार्गही निघाला आहे. डिसेंबर 2000 मध्ये जन-आरोग्य सभा बांगलादेशातील सावर येथे, गणस्वास्थ्य केंद्राच्या आवारात भरली. आरोग्याचे काम चालू असलेल्या जागीच अनेक देशांतले हजाराहून अधिक लोक जमले. ढाका जवळ असल्याने ते निभले. जामखेडसारख्या ठिकाणी मर्यादा वेगळीच असते. गावातल्या ओसरीवर पंधरा-वीस माणसे बसतात. त्याहून जास्त पाहुणे आले की घरच्या बाया आत जाऊन चहाला लागतात, आणि ज्यांचे ऐकायला एवढ्या लांबून यायचे त्याच बोलायच्या राहून जातात.