खुडूक

वडील माळकरी. अंडं त्यांनी कधी तोंडाला लावलं नाही, पण आई कोंबड्या पाळायची त्याला त्यांची हरकत नव्हती. बाजारात अंडी विकून आमच्या वह्या येत. दहा-बारा अंडी घातली की गावरान कोंबडी खुडूक बसायची. दाणापाणी सोडून, पिसं फुलवून, जवळ जाईल त्याला टोचायची. अंडी थांबली की पैसे थांबले. मग आई तिला पोटापर्यंत गार पाण्यात बुडवून डालग्याखाली कोंडायची. ते चाललेलं असताना वडील परसात फिरकत नसत.

पुढे मी गुरांचा डॉक्टर झालो. निवृत्तीनंतर परसातच चाळीस पांढऱ्या लेगहॉर्न आणल्या. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी. ऐंशी ओलांडलेले वडील महिनाभर बघत राहिले, मग म्हणाले, "ह्या बसत न्हाईत व्हय रं कधी?"

"न्हाईत अण्णा. त्यांच्यातनं ते काढून टाकलंय."

"कुणी?"

कुणी म्हणून सांगू? बसणारी बाजूला काढायची, न बसणारीची पिल्लं वाढवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता. पुढे स्वीडनमध्ये उप्सालाचे जनुकशास्त्रज्ञ लेइफ अँडरसन यांच्या गटानं रानकोंबडा आणि लेगहॉर्न माद्यांचा संकर केला, शेकडो नातवंडं वाढवली आणि वजन, अंडी, स्वभाव गुणसूत्रांवर कुठं बसलेत ते शोधलं. रानकोंबडीच्या दुप्पट भरणाऱ्या लेगहॉर्नच्या वजनाचा मोठा वाटा मोजक्याच जागांवर सापडला. मला चटका लावला तो पुढच्या गोष्टीनं. वाढीच्या त्या जागांपाशीच भित्रेपणाचाही माग लागला. वाढ देहाची आणि भीती मनाची, असं मी आजवर धरून चाललो होतो. 2010 मध्ये त्याच गटाला थायरॉइडशी संबंधित एका जनुकाचा बदललेला अवतार जवळजवळ सगळ्या पाळीव कोंबड्यांत आढळला. ऋतू बघून अंडी घालायचं बंधन त्यानं सैल झालं असावं, असा त्यांचा तर्क.

वडिलांना मी एवढंच सांगितलं, की पाण्यात बुडवणं गेलं. हिला काही हवंच नाही, तर हिचं काय हिरावलं? हिंसा कमीच झाली.

ते माळेशी चाळा करत म्हणाले, "तुझी आय तिची इच्छा मोडत हुती. ते पाप तिला ठावं हुतं. तुमी इच्छाच ठिवली न्हाई. मग हे कुणाच्या नावावर मांडायचं?"

मी वाद घातला. परमार्थात वासना सुटावी म्हणून माणसं जन्म घालवतात, मग ही कोंबडी मुक्तच म्हणायची. बोललो आणि माझं मलाच हसू आलं. असं असतं तर रोज सकाळी खुराड्यापुढे लोटांगण घालायला हवं. सोडायचं तर आधी हातात काहीतरी असावं लागतं. लेगहॉर्नच्या हातातच काही नाही. माझं मत आता अण्णांच्या बाजूला झुकलंय. बळी दिसत नाही म्हणून हिशोब मिटत नाही.

अण्णा गेल्या वर्षी गेले. लेगहॉर्नांसोबत मी दोन गावरान कोंबड्या आणि एक गावरान कोंबडा ठेवलाय. त्यातली एक कोंबडी जिन्याखाली खुडूक बसलीय. पोटाखाली नऊ अंडी आहेत, सगळी लेगहॉर्नची. आज तेरावा दिवस. एकवीस पुरे व्हायला अजून आठ आहेत.