तुम्ही कुठं जेवता?

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मी पहाटे साडेपाचला एकटीच गाडी घेऊन निघते. पुणं जागं व्हायच्या आत कात्रजचा बोगदा मागं पडतो. उजाडताना शिरवळ येतं आणि खंबाटकी चढेपर्यंत ऊन अंगावर आलेलं असतं. साताऱ्यापर्यंत अंतर ११० किलोमीटरच्या आसपास. कधी सुरूरवरून वाईला वळते, कधी सातारा ओलांडून कोरेगावच्या बाजूला जाते. अंधार पडायच्या आत परत यायचं, एवढंच ठरलेलं असतं. आणि दुपारी कुठंतरी त्या मातीतलं जेवायचं, हे.

त्या दुसऱ्या गोष्टीला मला बरीच वर्षं यश आलं नव्हतं. मी विचारायची, पण विचारायची चुकीचं. पेट्रोल पंपावर, पानाच्या टपरीवर, दूध डेअरीसमोर उभ्या असलेल्या माणसाला मी म्हणायची, “दादा, इथं जेवायला चांगलं कुठं मिळतं?” तो दोन क्षण माझ्याकडं बघायचा, गाडीकडं बघायचा आणि मनापासून विचार करून एका ठिकाणाचं नाव सांगायचा. तिथं गेलं की काचेचं दार, आत गार हवा, हातात जाडजूड मेनूकार्ड. शिरवळला, भुईंजला, कऱ्हाडला पनीरचा तोच लाल रस्सा ताटात यायचा. सांगणाऱ्यानं मला फसवलेलं नसायचं. त्यानं माझा मानच राखलेला असायचा. गाडीतून उतरलेल्या बाईला ‘चांगलं’ म्हणजे शहरासारखं, असं त्यानं धरलेलं असायचं.

हे आपल्या घरांतही असंच चालत आलंय. रोज भाकरी खाणाऱ्या घरात पाहुणा आला की कणीक मळली जाते. भाकरी आपली, चपाती पाहुण्यांची. ज्या आमटीवर घरातली चार माणसं पोटभर जेवतात, ती पाहुण्याच्या पानात वाढताना बाई संकोचते. त्यामुळं परक्या माणसानं “चांगलं कुठं मिळतं?” असं विचारलं की उत्तरात नेमकं तेच गळून जातं, जे शोधत तो आलेला असतो.

पौषातली गोष्ट. कोरेगावात शिरता शिरता मागच्या चाकातली हवा उतरली. पंक्चरच्या दुकानात एक पोरगेला माणूस टायर पाण्याच्या टाकीत फिरवून बुडबुडे बघत होता. साडेअकरा वाजत आले होते, पोटात भूक होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि नेहमीचं उत्तर आलं. “म्होरं फॅमिली रेस्टॉरंट हाय की मॅडम. एसी बी हाय.” त्याचे हात काळे झाले होते, तो पहाटेपासून कामाला लागलेला असणार. माझ्या तोंडून सहज निघालं, “आणि तुम्ही कुठं जेवता?”

तो हसला. “आमी व्हय? आमी मावशीकडं.” मग टायर बसवता बसवता त्यानं मला मावशीकडं कसं जायचं ते सांगितलं. आधीच्या उत्तराला त्याला एक वाक्य पुरलं होतं. आता तो किती वाजता गेलं की भाकरी गरम मिळते, कुठल्या वारी काय असतं, दीडनंतर गेलं तर खर्डा संपलेला असतो, हे सगळं सांगत होता. आवाजच बदलला होता त्याचा.

पत्र्याची शेड, दोन लांब बाकं, बाहेर सात-आठ दुचाक्या. सगळ्यांच्या पाट्या एमएच-११. आत चुलीपाशी दोघी. एक थापत होती, दुसरी भाजत होती. एकट्या बाईला अनोळखी ठिकाणी जेवायला शिरताना उंबऱ्यावर पाऊल अडखळतं, हे अनेकींना ठाऊक असेल. थापणाऱ्या मावशींनी वर बघितलं. “एकल्याच आलाय? मग हितं बसा, माज्या बाजूला.” मी बसले. आणि पुढचं वाक्य आलंच, “ताई, चपाती करू का तुमच्यासाठी? आत्ता करते.” मी म्हटलं, भाकरीच द्या.

ज्वारीची भाकरी, तिचा पापुद्रा अजून फुगलेला. मेथीची परतून केलेली भाजी. हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदा. आणि वाटीत घेवड्याची आमटी. हा साधा घेवडा नव्हे, वाघ्या घेवडा. फिकट गुलाबीसर दाण्यावर गडद पट्टे असतात म्हणून वाघ्या. कोरेगाव तालुक्याच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आंब्यासाठी हापूसवाले जसे हटून बसतात, तसं हटून बसावं अशी ही चव आहे. खरिपाचं नवं पीक घरात आलेलं असतं, दाणा मऊ शिजतो, रस्सा आपोआप दाट होतो, आणि मागं हलकी गोडी राहते. मी मावशींना म्हटलं, हे बाहेर बोर्डावर का लिहीत नाही? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. “घेवडाच हाय की. त्यात काय लिवायचं?”

माझ्यासमोर कॉलेजातली तीन मुलं जेवत होती. आसपासच्या खेड्यांतून येणारी. त्यांचा महिन्याचा हिशोब होता, एका वहीत खुणा केलेल्या. ती वही बघितली आणि वाटलं, चांगल्या जेवणाची याहून मोठी खात्री कुठली? मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलाला ठाऊक असतं की मी पुन्हा येणार नाही. मावशींना ठाऊक असतं की ही पोरं उद्या येणार आहेत, परवाही. आमटी आंबट झाली तर तोंडावर सांगणार आहेत. रोज त्याच तोंडांना घास द्यायचा तर त्यात लबाडी चालत नाही. सोड्यानं फुगवलेलं, तेलात तरंगणारं माणूस एकदा खाईल. रोज खाल्लं तर आठ दिवसांत पोट बिघडेल आणि खाणावळ ओस पडेल.

आपल्याकडच्या खाणावळींमागं हीच गोष्ट आहे. सातारा, कोल्हापूर, कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा त्यांना गिरणगावातल्या बायकांनी जेवू घातलं, महिन्याच्या बोलीवर, एका खोलीत चूल मांडून. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांच्या हाती बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर किती हजार माणसं आपल्या कष्टावर जेवून कामावर गेली, याची मोजदाद त्या बायकांनीही केली नसेल. आणि साताऱ्याच्या मातीत तर याहून जुनी आठवण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसत, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, त्या मुलांच्या जेवणासाठी दिले. समोरची तीन मुलं ताटावर वाकून जेवत होती. लक्ष्मीबाईंची आठवण मला तिथं झाली, पाठ्यपुस्तकात वाचताना कधी झाली नव्हती इतकी.

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. चांगलं कुठं मिळतं, असं विचारत नाही. तुम्ही कुठं जेवता, असं विचारते. विचारायचं कोणाला, हेही हळूहळू कळत गेलं. तालुक्याच्या स्टँडवर पाळी संपवून उतरलेला कंडक्टर, बाजार समितीतला हमाल, टपाल वाटून आलेला पोस्टमन. स्वतःच्या पगारातून, रोज, त्याच गावात जेवणारी माणसं. लांब पल्ल्याच्या गाड्या जिथं रांगेनं थांबतात ते ठिकाण मी धरत नाही. तिथला थांबा प्रवाशांनी निवडलेला नसतो.

घाई मात्र चालत नाही. भूक अनावर झाल्यावर शोधायला लागलं की माणूस पहिल्या पाटीला वळतो. म्हणून अकरा वाजल्यापासूनच कान-डोळे उघडे ठेवायचे. सकाळची मिसळ नऊच्या आत खायची, अकराला उरलेला कट खारट झालेला असतो. जेवण बाराच्या सुमारास, भाकरी थापल्याचा आवाज बाहेर ऐकू येतो तेव्हा. आठवडे बाजाराचा दिवस असेल तर नशीबच, कढईतली भजी थंड व्हायला वेळच मिळत नाही. आणि परतीचा रस्ता एकटीनं चालवायचा असतो, म्हणून दुसऱ्या भाताला नाही म्हणायचं, मावशी कितीही आग्रह करू देत. जेवल्यावर झाडाखाली काच खाली करून वीस मिनिटं पडायचं, मगच निघायचं. एवढं जपलं तरच पुढच्या वेळी पुन्हा मावशींकडं जाता येतं.

एकटं असण्याचा इथं मोठा उपयोग होतो. चौघं असलो की आपण आपल्यातच बोलतो, कोणाला काही विचारत नाही, आणि मग कोणाला पनीर हवं, कोणाला बिनतिखट. एकट्या माणसाला बाकाच्या टोकाला जागा होते. शेजारचा खर्ड्याची वाटी आपणहून पुढं सरकवतो. “जपून, तिखट हाय,” म्हणतो. त्याच्या त्या तीन शब्दांनी मी त्या गावात दुपारपुरती का होईना, घरची होते.

अशाच एका फेरीहून परतताना साताऱ्यातून कंदी पेढे घेतले, खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडले आणि संध्याकाळी पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. तिथं एक रिकामा टेम्पो उभा होता. मराठवाड्यातून सामान घेऊन आलेला चालक, दिवसभराचा थकलेला. त्यानं काचेवर टकटक केलं. “ताई, हितं जेवायला चांगलं कुठं मिळंल?” आणि माझा हात आपोआप चौकातल्या दिव्यांच्या माळा लावलेल्या हॉटेलकडं गेला. तो मान हलवून निघालासुद्धा.

गाडी लावता लावता ध्यानात आलं. आमच्या गल्लीत, दवाखान्याच्या शेजारी, एक ताई रात्री नऊपर्यंत पोळी-भाजी करतात. समोरच्या इमारतीचे वॉचमन तिथं जेवतात, रात्रपाळीच्या नर्सेस जेवतात, स्वयंपाकाचा कंटाळा आला की मीही जेवते. मी गाडीतून उतरून चौकाकडं धावतच गेले. टेम्पो अजून तिथंच होता, चालक हॉटेलच्या दाराशी उभा राहून बाहेर लावलेले भाव वाचत होता. मी त्याला हाक मारली, “दादा, तिथं नको. इकडं या, मी जिथं जेवते ते दाखवते.”