घोडा बरा झाला म्हणजे काय झालं?



विषय वाचून काहीजण म्हणतील, काकूंना हे घोड्यांचं वेड कधीपासून लागलं! आम्ही हैदराबादची मंडळी, मलकपेटचं रेसकोर्स आम्हाला नवीन नाही. रेसवर पैसे लावावेत की नाही, तो विषय आज नको. माझा प्रश्न वेगळा आहे. शर्यतीच्या घोड्याचा गुडघा मोडतो, डॉक्टर ऑपरेशन करतात आणि त्याला पुन्हा पळण्याजोगा करतात. ही दया म्हणायची, की हिशेब?

आधी हा गुडघा काय आहे ते बघू. घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. आपल्या मनगटासारखीच त्यात सात-आठ छोटी हाडं दोन ओळींत बसवलेली असतात. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर भरधाव पळतं तेव्हा एखाद्या क्षणी सगळा भार पुढच्या एकाच पायावर येतो, आणि तोही त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. सांधा मागच्या बाजूला ढकलला जातो आणि हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर आदळतात. कधी कडेचा टवका उडतो, त्याला चिप म्हणतात. कधी खालच्या ओळीतलं एक हाड वरपासून खालपर्यंत चिरतं, ते स्लॅब फ्रॅक्चर. आणि या घोड्यांचं वय तरी केवढं? कित्येकदा दोन-तीन वर्षं.

चिप असेल तर दुर्बिणीने काम होतं. दोन लहान छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून चिमटा, आणि टवका बाहेर. स्लॅब असेल तर स्क्रू घालून हाड जोडतात. मग दोन-चार महिने विश्रांती, स्लॅबला सहा किंवा जास्तच. यात सगळ्यात धोक्याचा भाग कोणता, तर भूल उतरण्याचा! घोडा शुद्धीवर आला की घाबरून एकदम उठायला बघतो. 1975 साली अमेरिकेत रफियन नावाच्या घोडीचा पाय शर्यतीत मोडला. तिचा गुडघा नव्हे, खुराच्या वरचा सांधा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण भुलीतून जागी होताना ती इतकी तडफडली की सगळं पुन्हा मोडलं. शेवटी तिला कायमचं झोपवावं लागलं.

उलट बाजूही सांगते. स्पेंड अ बक नावाच्या घोड्याच्या गुडघ्यातली चिप 1984 च्या शेवटी दुर्बिणीने काढली, आणि 1985 च्या मे महिन्यात त्याने केंटकी डर्बी जिंकली. त्याच महिन्यात न्यू जर्सीतली आणखी एक मोठी शर्यत त्याला पळवली, कारण तिच्यावर वीस लाख डॉलरचा बोनस होता. तीही तो जिंकला. घोडा बरा झाला होता यात शंका नाही. पण वीस लाख डॉलर म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत होतं?

इथेच घोडं पेंड खातं, बघा. या शस्त्रक्रियेतले मोठे नाव म्हणजे कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे वेन मॅकिलरेथ. 1987 मध्ये त्यांनी शेकडो घोड्यांच्या गुडघ्यांचे निकाल छापले. शर्यतीच्या घोड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्वीइतके किंवा त्याहून चांगले पळले. काम खरंच मोठं आहे. पण यशाचं माप कोणतं, ते पाहा. तो पुन्हा पळाला का, कुठल्या दर्जाच्या शर्यतीत पळाला. मालक पैसे देतो, मालक हेच विचारणार. घोड्याला दुसरंच काही विचारायचं असेल, पण त्याला कोण विचारतं?

आणि हसू नका, पण हे आपल्या घरातही असंच चालतं. गुडघा बदललेल्या बाईला भेटायला येणारे काय विचारतात? "मग, स्वयंपाकाला कधीपासून सुरुवात?" प्रेमाचीच माणसं असतात, मनात वाईट काही नसतं. "रात्री झोप लागते का?" हे विचारणारी एखादीच.

मला महाभारतातला जयद्रथवधाचा दिवस आठवतो. भर रणात घोडे बाणांनी घायाळ झाले, तहानेने व्याकूळ झाले. अर्जुनाने जमीन भेदून पाणी काढलं, बाणांचा आडोसा केला. श्रीकृष्णाने घोडे सोडले, स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगातले बाण काढले, चोळलं, पाणी पाजलं, चारा दिला. आणि मग? पुन्हा रथाला जुंपले! लहानपणी ऐकताना मला हे खटकायचं. आज वाटतं, काम करून घ्यायचंय म्हणून केलेली शुश्रूषा खोटी ठरत नाही. बाण काढणारा हात त्या वेळी बाणच काढत असतो. शिवाय जुंपणारा स्वतः त्याच रथावर बसून पुढे निघाला. जो धोका घोड्यांना, तोच त्याला. रेसकोर्सवर तसं नाही. जॉकी जीव धोक्यात घालतो, पण निर्णय घेणारा वर गॅलरीत बसलेला असतो.

म्हणून ऑपरेशनला माझा विरोध नाही. टवका आत सलत ठेवण्यापेक्षा काढलेला बरा, मग हेतू कोणताही असो. मला आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे. सांध्यात नुसतं इंजेक्शन देऊन दुखणं दाबायचं आणि पळवायचं. जनावराला "नाही" म्हणायला लंगडणं एवढंच असतं, आणि आपण तेच बंद करतो.

खरी परीक्षा त्या उरलेल्या एक तृतीयांशाची आहे. नामांकित घोडा किंवा चांगल्या वंशाची घोडी असेल तर पैदाशीसाठी ठेवतात. खच्ची केलेला घोडा, चार वर्षांचा, गुडघ्यात स्क्रू, आता वेग नाही. पण चालतो, खातो, उन्हात उभा राहतो. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या चाऱ्याचा खर्च ऑपरेशनच्या आधीच कुणी मांडला होता का? मांडला असेल, तर मी त्याला दया म्हणेन. नसेल, तर ती गाडीची दुरुस्ती झाली.

आपल्याला काय वाटतं, ते रविवारपर्यंत आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहा. ज्यांच्या घरी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी फोन जरा वेळ पेशंटच्याच हातात द्यावा. उत्तर तिला लिहू द्या.

– आपली एक भगिनी, हैदराबाद