निळा कोट

प्राण्याला कपडे चढवले की पुस्तक लहान मुलांचं होतं, अशी मोठ्यांची समजूत.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांच्या 'पीटर रॅबिट'मध्ये सशाच्या अंगात निळा कोट आहे, नवाकोरा, पितळी बटणांचा. मॅग्रेगर नावाच्या म्हाताऱ्याच्या मळ्यात तो चोरून शिरतो आणि पकडला जाता जाता वाचतो. पळताना एक बूट कोबीत राहतो, एक बटाट्यांत. बूट गेल्यावर तो चारी पायांवर धावू लागतो आणि वेग वाढतो. मग कोटाची बटणं जाळीत अडकतात. कोट तिथेच टाकून तो निसटतो.

माणूस होता तोवर अडकला. ससा झाला आणि सुटला.

पॉटरबाईंना ससा आतून माहीत होता. लहानपणी त्या आणि त्यांचा भाऊ मेलेले प्राणी उकळून सांगाडे मोकळे करत आणि त्यांची चित्रं काढत. म्हणून कोटाखालचा खांदा सशाचाच आहे. कोट काढल्यावर खाली काय उरतं, ही अशा पुस्तकांच्या चित्रकाराची परीक्षा. पुष्कळ पुस्तकांत उरतं ते शेपूट लावलेलं मूल.

आमच्या चिऊताईला कोट नाही. पण तिचं बाळ न्हातं, तीट लावून घेतं, आणि तोवर काऊ दाराबाहेर पावसात उभा. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे हसत हसत भरवलं, घासाबरोबर. दार न उघडणारी ती शहाणी, आणि शेणाचं घर बांधणाऱ्याचा दोष शेणाचा. कावळ्याच्या बाजूने ही गोष्ट कुणी सांगितलेली मी तरी ऐकली नाही.

पीटरचा बाप त्याच मळ्यात मेला. मॅग्रेगरच्या बायकोने त्याला पारीत घालून भाजलं. हे सगळं गोष्टीच्या सुरुवातीलाच, आई पोरांना बाहेर सोडता सोडता सांगते, दाराला कडी लावायची आठवण करावी तसं. ते पान वाचताना माझाच आवाज उतरतो. मांडीवरचं मूल पान उलटायला निघालेलं असतं.

मरण माणसाच्या घरात सांगवत नाही. सशाच्या बिळात सांगता येतं.

ही गोष्ट 'बालवाचकांसाठी' लिहिलेलीच नव्हती. ४ सप्टेंबर १८९३ला पॉटरबाईंनी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला, नोएलला, पत्र लिहिलं. काय लिहावं सुचेना म्हणून चार सशांची गोष्ट सांगितली, चित्रं काढून. पुढे पुस्तक करायचं ठरल्यावर तेच पत्र त्याच्याकडून मागून घेतलं. प्रकाशकांनी नाकारलं, तेव्हा १९०१मध्ये पदरच्या पैशाने २५० प्रती काढल्या. १९०२मध्ये फ्रेडरिक वॉर्नने रंगीत आवृत्ती आणली. आकार मात्र लहान हाताला पेलेल एवढाच.

एका मुलासाठी लिहिलेलं सगळ्या मुलांना पुरतं. सगळ्या मुलांसाठी लिहिलेलं बहुधा पालकांसाठी असतं.

मागे राहिलेल्या कोटाचं आणि बुटांचं मॅग्रेगरने बुजगावणं केलं, पाखरांना भिववायला. सशाला माणूस करणारे कपडे शेवटी तिथेच शोभले, असं म्हणून मी पुस्तक मिटत असे. पण १९०४मध्ये पॉटरबाईंनी पुढची गोष्ट लिहिली. तिच्यात पीटर अंगाला लाल रुमाल गुंडाळून बसलेला आहे, पार उतरलेला. नात्यातल्या एका भावाबरोबर तो पुन्हा त्याच मळ्यात शिरतो आणि बुजगावण्यावरचे कपडे काढून आणतो. रात्रीच्या पावसाने कोट थोडा आटलेला असतो. आई त्याला माफ करते. कोट आणि बूट सापडले, यातच तिला आनंद.