न पाहता दिलेला निवाडा

मुलांनी दूरचित्रवाणीवर काय पाहावे, हा प्रश्न आपल्या घरांत बहुधा जायज की नाजायज एवढ्याच शब्दांत विचारला जातो आणि तितक्याच थोडक्यात त्याचे उत्तरही मिळते. उत्तर देणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली आहे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. एखाद्या गोष्टीचा नैतिक निवाडा करायचा तर ती आधी माहीत असावी लागते काय? की काही गोष्टी केवळ ऐकीव माहितीवरही वाईट ठरवता येतात? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी जे उदाहरण आम्ही घेत आहोत, ते वरवर पाहता पोरखेळ वाटेल. ते आहे ‘पोकेमॉन’ या जपानी कार्टून मालिकेचे.

ही मालिका आधी खेळ होती. १९९६ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर हा व्हिडिओ गेम आला. १ एप्रिल १९९७ पासून त्यावरची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. मागोमाग पत्ते, खेळणी, चित्रपट सारे आले. भारतात २००३ साली ती कार्टून नेटवर्कवर हिंदीतून दिसू लागली आणि केबलच्या वायरीबरोबर जळगावातल्या आमच्या मेहरूणच्या मोहल्ल्यांतही पोहोचली. बोरांसाठी आणि तलावासाठी ओळखले जाणारे हे मेहरूण. तिथली मकतबमधून सुटलेली मुले पिकाचू, बल्बासॉर अशी नावे घडाघडा म्हणू लागली. वेफर्सच्या पाकिटांतून निघणाऱ्या पोकेमॉनच्या चकत्या खिशांत खुळखुळू लागल्या. हे शब्द कोणत्या भाषेतले, हेही दादी-नानींना कळेना. कळेना म्हणून संशय आला आणि संशयाला एका बातमीचा आधार मिळाला. ‘सौदीत तर हे हरामच ठरवले आहे!’

बातमी खरी होती. तत्कालीन मुफ्ती-ए-आझम शेख अब्दुल अझीझ आल-शेख यांच्या नेतृत्वाखालील सौदी अरेबियाच्या फतवा समितीने मार्च २००१ मध्ये पोकेमॉनचे खेळ आणि पत्ते निषिद्ध ठरवले. तीन कारणे विशेष गाजली. पत्त्यांच्या खेळात जुगाराचा अंश आहे. एका प्राण्याचे दुसऱ्यात रूपांतर होते, म्हणजे हा डार्विनच्या सिद्धांताचा प्रचार आहे. आणि पत्त्यांवर सहा टोकांचा तारा व इतर परधर्मीय चिन्हे आहेत. त्याच सुमारास काही अरब देशांत एक अफवाही पसरली होती, की ‘पोकेमॉन’ याचा अर्थ ‘मी यहुदी आहे’ असा होतो. वास्तविक ‘पॉकेट मॉन्स्टर’ या इंग्रजी शब्दांचे हे जपानी वळणाचे आखूड रूप आहे. खिशातले राक्षस, एवढाच त्याचा अर्थ.

या निर्णयाची थट्टा करणे सोपे आहे. ती आम्हाला करायची नाही. मुलांच्या काळजीपोटी कोणी काही सांगत असेल, तर त्याची कारणे एकेक करून तपासणे हाच त्याचा खरा आदर होय.

पहिले कारण जुगाराचे. त्यात तथ्य आहे. जिंकणारा मुलगा हरणाऱ्याच्या चकत्या घेऊन जातो आणि हरलेला घरी जाऊन आणखी पाकिटांसाठी हट्ट धरतो. हे आम्ही गल्लीत पाहिलेले आहे. गोट्यांच्या खेळात जिंकलेल्या गोट्या परत करायला लावणारी वडीलधारी माणसे पूर्वी प्रत्येक मोहल्ल्यात असत. त्यांना या चकत्यांचा खेळ समजायला फतव्याची गरज पडली नसती. परंतु हा दोष चकत्यांचा आणि पत्त्यांचा आहे. मालिका पाहत बसलेल्या मुलाचे काहीही डावावर लागलेले नसते. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या चार वस्तूंपैकी एकीचा दोष चारही वस्तूंच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

दुसरे कारण उत्क्रांतीचे. मालिकेत एक हिरवी अळी आहे. ती कोषात जाते आणि फुलपाखरू होऊन बाहेर पडते. हे तर अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडावरही घडते. इंग्रजी आवृत्तीत या बदलाला ‘इव्होल्यूशन’ असा शब्द वापरला गेला आणि त्या शब्दाने घोटाळा केला. डार्विन बोलतो तो असंख्य पिढ्यांत होणाऱ्या बदलांविषयी. इथे एकच जीव आपल्या एकाच आयुष्यात रूप पालटतो. या खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. टोकियोजवळच्या माचिदा गावात त्यांचे बालपण गेले. तिथली तळी आणि शेते शहराच्या वाढीत नाहीशी झाली. किडे शोधत हिंडण्याचा तो आनंद नव्या मुलांना निदान यंत्रात तरी मिळावा, या विचारातून हा खेळ सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. मेहरूणच्या तलावाकाठी चतुर पकडत हिंडलेल्या आणि आता तिथे उभ्या राहिलेल्या वसाहती पाहणाऱ्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. डार्विनचे खंडन करायचे असेल तर खुशाल करावे, पण ते डार्विन वाचून करावे. कार्टूनमधल्या अळीवर त्याचा राग काढू नये.

तिसरे कारण चिन्हांचे. इथे आपण एकटे नाही. १९९९ साली अमेरिकेत यहुदी पालकांना एका जपानी पोकेमॉन पत्त्यावर स्वस्तिकासारखे चिन्ह दिसले. त्यांना साहजिकच नाझी आठवले. जपानमध्ये तेच चिन्ह बौद्ध मंदिराची खूण म्हणून नकाशावर छापतात आणि आमच्या जळगावात ते शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर रांगोळीने काढलेले असते. कंपनीने तो पत्ता बंद केला. पुढे २०१६ मध्ये मोबाईलवरचा ‘पोकेमॉन गो’ हा खेळ आला, तेव्हा मंदिरांच्या जागी खेळात अंडी दिसतात, त्यामुळे हिंदू आणि जैन भावना दुखावतात, अशी याचिका गुजरात उच्च न्यायालयात दाखल झाली. एकाला ताऱ्यात यहुदी दिसतो, यहुद्याला स्वस्तिकात नाझी दिसतो, तिसऱ्याला अंड्यात विटाळ दिसतो. प्रत्येकाचे दुःख खरे असेल, पण खेळ करणाऱ्याच्या मनात त्यापैकी काहीही नव्हते. कृत्यांचा निवाडा नीयतीवर होतो, हे तर आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात.

मग पाहिल्याशिवाय बोलूच नये काय? यासंबंधी आपल्या परंपरेत दोन उदाहरणे आहेत. ती आम्हाला फार मोलाची वाटतात.

एक इमाम गझालींचे. तत्त्वज्ञांची मते त्यांना मान्य नव्हती. पण त्यांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिण्यापूर्वी बगदादमध्ये अध्यापन सांभाळून त्यांनी सुमारे दोन वर्षे ती मते वाचली आणि आणखी सुमारे एक वर्ष त्यांवर विचार केला, असे त्यांनीच आत्मकथनात नमूद केले आहे. तत्त्वज्ञांचे म्हणणे काय आहे, हे सांगणारे स्वतंत्र पुस्तकही त्यांनी लिहिले. जे आपल्याला पुरते समजलेले नाही त्याचे खंडन करणे म्हणजे अंधारात दगड मारणे, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरे उदाहरण याहूनही जवळचे, कारण त्यात खेळणे आहे. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये हा प्रसंग येतो. हजरत आयशा (र.) यांच्या बाहुल्यांमध्ये रसूलुल्लाह (स.) यांना एक घोडा दिसला. त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले होते. हे काय आहे, असे त्यांनी विचारले. घोडा, असे उत्तर मिळाले. त्याच्या अंगावर हे काय? पंख. घोड्याला पंख? त्यावर आयशांनी हजरत सुलेमानांच्या पंख असलेल्या घोड्यांचा दाखला दिला आणि पैगंबर मनमोकळे हसले. या प्रसंगावरून फिकहचे कोणते नियम निघतात, ते आलिम मंडळींनी सांगावे. आम्ही पाहतो आहोत तो त्यातला क्रम. आधी पाहिले, मग विचारले, मग खेळणारीचे उत्तर पूर्ण ऐकून घेतले. जगात नसलेला प्राणी खेळण्यात दिसला म्हणून तो लगेच हिसकावून घेतला नाही.

पाहून निवाडा करायचा म्हणजे सगळेच चालवून घ्यायचे, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये या मालिकेचा एक भाग दाखवला जात असताना पडद्यावर लाल-निळा प्रकाश अतिवेगाने लुकलुकला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. काहींना झटके आले होते. मालिका चार महिने बंद राहिली. तपास झाला, दोष प्रकाशाच्या वेगात आहे हे निश्चित झाले आणि अशा दृश्यांसाठी नियम करण्यात आले. अपाय खरा होता, कारण शोधले गेले आणि बंधन नेमके त्या कारणावर घातले गेले. आम्हाला हा निवाड्याचा नमुना वाटतो.

आता मालिका पाहिल्यावर आमचे मत काय, हेही सांगायला हवे. त्यातला सर्वांत गंभीर नैतिक प्रश्न त्या गाजलेल्या तीन कारणांत नव्हताच. या गोष्टीत मुले प्राण्यांना पकडतात, चेंडूत कोंडतात आणि एकमेकांशी झुंजवतात. जनावरांना परस्परांवर सोडून झुंजवण्यास मनाई करणारी हदीस अबू दाऊद आणि तिर्मिझी या दोन्ही संग्रहांत आहे. कोंबड्यांच्या झुंजीवर तोंड वाकडे करणारा माणूस इथे गप्प कसा राहील? पण मालिका पाहिली की कळते, की हा प्रश्न तिलाही सतावतो. पहिल्याच भागात पिकाचू चेंडूत शिरायला नकार देतो आणि नायक ॲश त्याच्यावर जबरदस्ती करत नाही. पक्ष्यांचा थवा चाल करून येतो तेव्हा तो पिकाचूसमोर स्वतः उभा राहतो. पुढे आपले लाडके फुलपाखरू त्याच्या जोडीदाराबरोबर मोकळे सोडून देतो. झुंज आहे, तिच्यासोबत दयाही आहे. चतुराच्या शेपटीला दोरा बांधणाऱ्या मुलाशी याविषयी बोलता येते. बंदी घातली की बोलणेच संपते.

दुसरा दोष हव्यासाचा. मूळ खेळात १५१ प्राणी होते, आता ते हजाराच्या वर गेले आहेत आणि सगळे पकडा, हेच या मालाचे घोषवाक्य होते. खेळाच्या दोन आवृत्त्या एकदम विकायला आणल्या आणि प्रत्येकीत काही प्राणी मुद्दाम ठेवले नाहीत. दुसऱ्या मुलाशी अदलाबदल केल्याखेरीज संग्रह पुरा होत नाही. यात मैत्री आहे आणि दुकानदारीही आहे. सूरह तकासुर ज्या हव्यासाबद्दल बजावते तो हाच. उलट बाजूने हेही खरे, की ॲश पहिली मोठी स्पर्धा हरला आणि जपानमधील प्रसारणात थेट २०२२ साली जगज्जेता झाला. पंचवीस वर्षांचा सब्र कोणत्या हिंदी चित्रपटाच्या नायकाने दाखवला आहे?

या प्रकरणाला अलीकडे एक वळण मिळाले. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने २०२२ साली निन्टेन्डोचे पाच टक्क्यांहून अधिक समभाग घेतले. २०२५ मध्ये त्याच निधीच्या मालकीच्या कंपनीने ‘पोकेमॉन गो’ चालवणारा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरच्या व्यवहारात विकत घेतला. ज्या देशाच्या हवाल्याने मेहरूणच्या पोरांच्या चकत्या चुलीत गेल्या, त्या देशाचा पैसा आता त्याच खेळातून नफा मिळवणार. यामुळे खेळ पवित्र झाला असे आम्ही म्हणत नाही. २००१ साली तो भयाने तोलला गेला, २०२५ साली नफ्याने. मुलाच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो, हे दोन्ही तराजूंत बसत नाही. ते तपासण्याचे काम रियाधवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ते घरातच करावे लागेल.

हा सारा खटाटोप एका कार्टूनसाठी कशाला, असे कोणी विचारील. कारण असे, की न पाहता दिलेल्या निवाड्याची झळ काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आपली वस्ती न पाहता तिच्याविषयी बोलले जाते. कुरआनचे एक पान न उलगडता त्यात काय लिहिले आहे ते सांगितले जाते. घर भाड्याने मागायला गेलेल्या तरुणाचे केवळ नाव ऐकून उत्तर दिले जाते. तेव्हा आपण म्हणतो, आधी आम्हाला भेटा, जाणून घ्या, मग मत बनवा. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची जी आज्ञा आहे, ती आपण दुसऱ्यांना ऐकवतो. ती स्वतःला लागू करण्याची सुरुवात लहान गोष्टींपासूनच होऊ शकते.

दुसरे कारण मुलांचे आहे. मूल ज्या गोष्टीत पारंगत आहे तिच्याविषयी वडील अडाण्यासारखे बोलले, तर मूल ती गोष्ट सोडत नाही, वडिलांचा शब्द मानणे सोडते. आज चकती आहे, उद्या मोबाईल असेल, परवा त्याहून घातक काही असेल. तेव्हा ‘हे करू नकोस’ या आपल्या शब्दाला वजन हवे असेल, तर तो आज जपून खर्च केला पाहिजे. अर्धा तास मुलाशेजारी बसून ‘हे काय आहे?’ एवढे विचारायला फारशी विद्वत्ता लागत नाही. त्याचे उत्तर ऐकल्यावरही मनाई करावी असे वाटले, तर जरूर करावी. ती मनाई कशासाठी आहे, हे मग मुलालाही सांगता येईल.