मधुमेहाचं एकच मूळ शोधण्याचा हट्ट

'मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या कायमच्या बंद.' ही जाहिरात आता बिद्रीसारख्या गावात चौकातल्या फ्लेक्सवर दिसते आणि मोबाइलवरही येऊन पडते. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या या ऊसपट्ट्यात तिला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. गोड खाल्लं म्हणून शुगर झाली, हे इथं बहुतेकांनी धरूनच ठेवलेलं असतं. मूळ ठाऊक आहे, मग ते उपटलं की काम झालं! या जाहिरातीतलं औषध खोटं असतंच, पण त्याआधी तिच्यातली रोगाची कल्पनाच खोटी असते आणि लोक फसतात ते त्या कल्पनेला.

ही कल्पना आपल्या जुन्या वैद्यकातून आलेली नाही. सुश्रुतानं प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, जन्मजात आणि अपथ्यातून होणारा असे दोन प्रकार मानले; चरकानं कृश आणि स्थूल रोग्याचे उपचार वेगळे सांगितले. पुढं युरोपात मोर्गान्यीनं १७६१ मध्ये रोगाची जागा अवयवात दाखवली आणि फिर्कोनं १८५८ मध्ये ती पेशीपर्यंत नेली. एका रोगाला एकच मूळ, हा विचार लोकांच्या मनात पक्का बसला तो रॉबर्ट कॉखमुळं. १८८२ मध्ये त्यानं क्षयाचा जंतू दाखवला. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत हाफकिननं लस तयार केली, तेव्हा तर जंतू ओळखा आणि रोग हटवा हे सूत्र आपल्या घरापर्यंत आलं. क्षय, पटकी, प्लेग यांच्याबाबतीत ते सूत्र खरंच आहे. मधुमेहाला ते लावलं की घोटाळा होतो.

कारण कॉखच्या कितीतरी आधी फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नारनं वेगळीच वाट दाखवली होती. पुस्तकांत त्याच्या नावापुढं 'ग्लायकोजेनचा शोध, १८५७' (ग्लायकोजेन म्हणजे यकृतातला साखरेचा साठा) एवढंच लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी ते पाठ करतात. माझ्या मते तिथंच त्याला चुकीचं वाचलं जातं. त्या काळी समज असा होता की साखर वनस्पती तयार करतात, प्राणी ती फक्त खर्च करतात. बर्नारनं कुत्र्याला निव्वळ मांसावर ठेवलं, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. मग त्यानं ते यकृत काढून त्याच्या रक्तवाहिन्यांतून गार पाणी सोडलं, साखरेचा मागमूस नाहीसा होईपर्यंत धुतलं आणि तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात पुन्हा साखर!

या प्रयोगानं रोगाविषयीचा प्रश्नच बदलला. साखर बाहेरून घुसलेला शत्रू नव्हती. शरीर ती जगण्यासाठीच बनवत होतं. रोग म्हणजे त्याच रोजच्या कामाचा सुटलेला ताबा.

'रात्री भाकरीचा तुकडासुद्धा खाल्ला नाही, मग सकाळी शुगर १८० कशी?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचं उत्तर बर्नारच्या त्या यकृतात आहे. आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर लागते आणि ती यकृत पुरवतं. किती पुरवायची याला इन्सुलिन आवर घालतं. टाइप २ मधुमेहात यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही, इन्सुलिनही पुरेसं पडत नाही आणि रात्रभर साखर रक्तात येत राहते. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः इथंच काम करते. चहातली साखर सोडणं चांगलंच, पण 'गोड सोडलंय, आता गोळी कशाला' असं म्हणणारा माणूस आपल्या यकृताला विसरतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणाराही तेच करतो. तो आकडा बहुधा गोळीनंच खाली ठेवलेला असतो.

१८८९ मध्ये स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह झाला आणि १९२१ मध्ये त्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन हाती आलं, तेव्हा एकमेव मूळ सापडल्यासारखं पुन्हा वाटलं. १९३६ मध्ये ब्रिटिश डॉक्टर हिम्सवर्थनं दाखवलं की काही रोग्यांवर इन्सुलिनचा परिणामच कमी होतो. पण आपल्याकडच्या बारीक माणसालाही मधुमेह का होतो, हे कोडं उलगडायला पुणं लागलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीकडे झुकलेलं शरीर. त्याची घडण आईच्या पोटातच सुरू झालेली. आईचं पोषण, जन्मानंतरचं खाणं, बैठं काम, अनुवंश, वाढतं वय, यातलं नेमकं कुठलं मूळ उपटणार?

रोग मागे हटू शकतो, हेही खरं. २०१७ मध्ये निष्कर्ष आलेल्या ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत वजन बरंच उतरवलेल्या अनेकांची साखर गोळ्यांशिवाय काबूत आली. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं आणि वजन परत वाढलेल्या अनेकांचा रोगही परतला.

म्हणून बिद्रीतल्या वाचकांना एवढीच विनंती: कुणाच्याही सांगण्यावरून गोळी परस्पर बंद करू नका. घरात टाइप १ मधुमेहाचं, म्हणजे ज्याचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असं, मूल असेल तर त्याचं इन्सुलिन एक दिवसही थांबवू नका. ते थांबलं तर मूल दगावू शकतं.