बुद्ध्यांक आणि पत्रिका

पनवेलहून हार्बरची गाडी सुटली की खांदेश्वर, मानसरोवर आणि मग खारघर. तिसऱ्या स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत एखादी आई अशी असते, जिच्या एका हातात सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची फाईल. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र खारघरला आहे. मुलगा उशिरा बोलायला लागला, वर्गातलं काही डोक्यात शिरत नाही, असं काहीतरी शाळेनं सांगितलेलं असतं. परतताना फाईलमध्ये एका कागदाची भर पडते आणि त्यावर एक आकडा असतो. घर येईपर्यंत तो आकडा मुलाच्या नावाच्या आधी येऊन बसतो.

घरात आजीचा प्रश्न वेगळाच असतो. आकडा किती, हे ती विचारत नाही. ती विचारते, हे कुणाच्या कर्माचं?

या प्रश्नाला शास्त्राचा आधार आहे, हे नाकारून चालणार नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मागल्या पापांच्या शेषामुळे जन्माला येणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात जड, मुके, आंधळे, बहिरे सगळे आहेत. या हिशेबापुढे मानसशास्त्रज्ञाची चाचणी फार दयाळू वाटते. ‘का’ हा प्रश्न तिला पडतच नाही. कशात अडतं आणि किती अडतं, एवढंच ती बघते. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी पहिली मोजपट्टी केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवता यावं म्हणून. बुद्धी म्हणजे जन्मासोबत आलेला ठरावीक साठा, असं मानणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ मधल्या पुस्तकात कडक टीका केली. दोन वर्षांनी ते वारले. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्यांच्या चाचणीला नवं रूप दिलं, आणि बिने यांना ज्याची भीती होती तेच झालं. आकडा जन्मजात मानला जाऊ लागला. आपल्याकडे अशा कागदाला पत्रिका म्हणतात.

ही पत्रिका मराठीत यायला फार वेळ लागला नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड भागातल्या मराठी आणि कानडी मुलांवर बिने यांची चाचणी बसवली. बिने-कामत या नावानं ती आजही वापरात आहे. पण पट्टी त्या काळातली आहे, ही त्यातली मेख. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की जुन्या पट्टीवर नव्या पिढीचे गुण फुगतात. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार दर दशकाला सुमारे ३. म्हणजे ज्या मुलाला खरोखर मदत हवी, तो जुन्या पट्टीवर ७० च्या वर निघू शकतो. त्याचं प्रमाणपत्र हुकतं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या सवलती त्या प्रमाणपत्राशी बांधलेल्या असतात.

नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लर यांच्या चाचणीचं भारतीय रूप दिलं. त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं म्हणावं लागेल. व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी त्यांनी इथल्या मुलांसाठी बदलून घेतली. तिच्यात प्रश्न आईला असतात: हातानं जेवतो का, कपडे स्वतः घालतो का, शेजारपाजारी एकटा जाऊन येतो का. निदान करताना बुद्ध्यांकाबरोबर हेही बघावं लागतं. ठोकळे जुळवणं आणि जगणं जमवणं या दोन गोष्टी आहेत, हे शास्त्रालाही मान्य आहे.

आता खरा प्रश्न. मोजली जाते ती बुद्धी. पण बुद्धी म्हणजे माणूस का?

भारतीय दर्शनांपैकी सांख्यांचं उत्तर इथे सर्वांत धारदार आहे. त्यांच्या मते बुद्धी प्रकृतीतून निघालेलं पहिलं तत्त्व, आणि प्रकृती अचेतन. चैतन्य पुरुषाचं, आणि पुरुषाला गुण नाहीत, कमीजास्त नाही. ‘जड’ या शब्दाची गंमत इथे उलटते. ज्याला वर्ग जडबुद्धी म्हणतो त्याची बुद्धी जड आहेच. पण बोर्डात पहिला आलेल्याचीही तितकीच जड आहे. आरसा स्वच्छ असेल किंवा मळलेला, उजेड आरशाचा नसतो. सांख्यांना समतेचा जाहीरनामा लिहायचा नव्हता, पण त्यांच्या तर्काचा रोख तिकडेच जातो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात बुद्धीचे तीन प्रकार येतात. तिथली कसोटी वेगाची नाही, स्मरणशक्तीचीही नाही. काय करावं आणि काय करू नये, हे कळतं का, एवढीच. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या गागोद्याच्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, तीही पंडितांपुढे नव्हे, सोबतच्या कैद्यांपुढे. रामदासांनी तर दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास खर्च केला. असा माणूस कोणत्याही चाचणीत १३० काढील.

याहून पुढे गेले ते महानुभाव. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होते. लहर येईल तसं खेळणं, निर्जीव वस्तूंशी बोलणं, कुणाच्याही घरी शिरून जेवणं, असं त्यांचं वागणं. गावात त्यांना वेडं म्हणणारे होते आणि आईबाप मानणारेही. चक्रधरांनी त्यांनाच गुरू मानलं, आणि म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या. मराठी गद्याच्या आरंभीच्या मोजक्या ग्रंथांत या ग्रंथाची गणना होते. आता मराठी भाषेचं विद्यापीठही त्याच रिद्धपुरात निघालं आहे. गोविंदप्रभूंपुढे कुणी चाचणीची वही ठेवली असती तर पान कोरं राहिलं असतं, हे उघड आहे. अर्थात यावरून प्रत्येक मंद मुलाला संत ठरवणं हीसुद्धा एक पळवाटच. त्याला देव्हाऱ्यात बसवलं की शिकवायची कटकट मिटते.

चाचण्यांचा हा घोळ मोठ्यांच्या बाबतीत आणखी वाढतो. विसरभोळेपणाची तपासणी करताना डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात; १९७५ पासून जगभर चालणाऱ्या ३० गुणांच्या चाचणीत हा प्रश्न आहे. समजा, पनवेलच्या बाजारात जन्मभर मासळी विकलेली एखादी आजी तिथे अडखळली. पापलेटचा हिशेब मात्र तिचा कधी चुकलेला नाही. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ५ मुलांवर केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक समोर असताना त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर आली तेव्हा सुमारे ३७ टक्के. बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी म्हणूनच हिंदीत वेगळी चाचणी बसवावी लागली. विसरभोळेपणाच्याच तपासणीसाठी असलेल्या मॉन्ट्रियलच्या चाचणीत १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला १ गुण वाढवून मिळतो. जन्मभर शाळेची पायरी न चढलेल्या बाईची भरपाई एका गुणात होते, असं मानायला धीटपणा लागतो.

तेव्हा अहवाल हातात आला की आकड्याआधी चार गोष्टी शोधाव्यात: चाचणी कोणती आणि तिची पट्टी कोणत्या साली बसवलेली, ती कोणत्या भाषेत घेतली, त्या दिवशी मूल झोपलं-जेवलं होतं का, आणि पुन्हा कधी यायचं. चौथी गोष्ट लिहिलेली नसेल, तर खुर्चीवरून उठण्याआधी विचारून घ्यावी.